सोलर घ्यावं का? आधी लाइटबिल हातात घ्या

आजचा विषय तुम्हीच आम्हाला दिलेला आहे. चाकण, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, मोशी, कुठल्याही गटाच्या मासिक बैठकीला आम्ही गेलो आणि बचतीचे पैसे लिहून झाले, की कुणीतरी ताई विचारतेच, "ते छपरावरचं सोलर घ्यावं का हो? बिल शून्य येतं म्हणतात." दुसरी लगेच म्हणते, "आमच्या शेजारी घेतलंय, त्यांचं अनुदान अजून यायचंय." तिसरी म्हणते, "आमचं बिलच सहाशे येतं, आम्हाला काय करायचंय सोलर?" आणि कोपऱ्यात बसलेली चौथी काहीच बोलत नाही, कारण ती भाड्याच्या खोलीत राहते आणि छप्पर तिचं नाही.

या चौघींना एकच उत्तर देता येत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, की सोलर चांगलं की वाईट हे सांगत बसण्यापेक्षा आपलं आपल्याला कसं ठरवायचं ते सांगू. त्यासाठी कागद-पेन आणि एक लाइटबिल एवढंच लागतं.

बिल कसं वाचायचं

महावितरणचं बिल आलं, की आपण खालचा आकडा बघतो आणि घडी करून देव्हाऱ्यामागे ठेवतो. आज ते काढा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती, थंडीत गिझर लावल्यावर किती, ते सगळं तिथं दिसतं. बारा महिन्यांचे युनिट मिळवा आणि बाराने भागा. आलेला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हा आपला सरासरी वापर. एक युनिट म्हणजे हजार वॅटची इस्त्री एक तास चालली तर लागते तेवढी वीज.

आता दर बघा. घरगुती विजेला टप्पे असतात. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग. २०२४-२५ सालचे दर घेतले, तर वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे, पुढच्या टप्प्याला ११ रुपये ४६ पैसे आणि तिसऱ्या टप्प्याला १५ रुपये ७२ पैसे पडत होते. दुसऱ्या टप्प्याचा हाच दर त्याच्या आदल्या वर्षी १० रुपये ८१ पैसे होता. म्हणजे एका वर्षात युनिटमागे ६५ पैसे वाढले. २०२५ मध्ये वीज नियामक आयोगाचे नवे आदेश निघाले आणि त्यांवर वादही झाले. म्हणून आम्ही देतो ते आकडे हिशेब समजण्यापुरते घ्या. तुमच्या बिलावर आज जे दर छापलेत, तेच तुमच्यासाठी खरे.

दर कितीही बदलोत, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शंभराच्या पुढचा युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटच्या जवळजवळ दुप्पट भावाचा असतो. यावर पुन्हा दर महिन्याचा स्थिर आकार येतो, तो साधारण १३० रुपये धरा. मग सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, आणि कधी इंधन समायोजन आकार. आमच्या हिशेबात हा इंधन आकार धरलेला नाही.

छपरावर नेमकं काय होतं

पॅनलवर ऊन पडलं की वीज तयार होते. इन्व्हर्टर ती घरात वापरता येईल अशी करतो. दुपारी आपण कामावर असतो, घरात पंखासुद्धा चालू नसतो, तेव्हा ती वीज तारेवरून महावितरणकडे जाते. रात्री आपण त्यांच्याकडून घेतो. नेट मीटर दोन्ही बाजूंचं मोजतो आणि बिल फक्त फरकाचं येतं. गटातल्या एका काकूंनी हे फार छान सांगितलं होतं, "दुपारी शेजारणीला वाटीभर साखर दिली, रात्री तिच्याकडून आणली. महिन्याच्या शेवटी कुणाकडं किती राहिली, एवढंच बघायचं."

एक किलोवॅटच्या पॅनलला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेलं छप्पर लागतं. आपल्या भागात ते दिवसाला सरासरी चार युनिट देतं असं सांगतात. पण आपल्याकडे रस्त्याची धूळ आहे, पावसाळ्यात ढग आहेत. म्हणून आम्ही महिन्याला १०० ते १०५ युनिटच धरतो. कमी धरलेलं बरं, नंतर पश्चात्ताप नको.

दोन गैरसमज इथंच दूर करू. पहिला, बिल शून्य येत नाही. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार राहतो, म्हणजे शे-दीडशे रुपये भरावे लागतातच. दुसरा गैरसमज जास्त मोठा. सोलर घेतलं की लाइट जाणार नाही, असं बऱ्याच जणींना वाटतं. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद केली, की साधं सोलरही बंद पडतं, भर उन्हात. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरच्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरी लागते आणि तिचा खर्च वेगळा. शिलाई मशीन किंवा पापडाचं यंत्र बंद पडतं म्हणून सोलर घ्यायला निघालेल्या ताईंनी हे आधी ऐकावं.

तीन घरांचा हिशेब

आता तीन घरं घेऊ. नावं नकोत, पण अशी घरं आपल्या प्रत्येक गटात आहेत.

पहिलं घर चाकण गावठाणातलं. दोन खोल्या, टीव्ही, दोन पंखे, मिक्सर. वापर महिन्याला ७० युनिट. बिल साधारण ६३० रुपये. एक किलोवॅट बसवलं, तर युनिट सगळे वजा होऊन बिल १५० वर येईल. महिन्याला पावणेपाचशे वाचले, वर्षाला साधारण ५,७००.

दुसरं घर मोशीतलं. फ्रीज, गिझर, पाण्याची मोटार, मुलाचा कॉम्प्युटर. वापर २४० युनिट. त्यातले १०० स्वस्त टप्प्यातले आणि १४० महाग टप्प्यातले. बिल जवळजवळ २,७००. दोन किलोवॅटने महिन्याला २१० युनिट दिले, तर भरायचे राहिले ३० आणि तेही स्वस्त टप्प्यातले. बिल आलं साडेतीनशे. महिन्याला २,३०० च्या वर वाचले, वर्षाला साधारण २८,०००.

बघा, पॅनल दुप्पट, पण बचत पाचपट. कारण सोलर आधी आपले महाग युनिट खातं. ज्या घराचे महाग युनिटच नाहीत, तिथं त्याला खायला स्वस्तच मिळतात. "शेजारणीचं बिल अडीच हजारांनी कमी झालं" हे खरं असलं, तरी आपलंही तेवढंच होईल असं नाही.

तिसरं घर आपल्या पट्ट्याचं खास. घरमालकीण ताई आहेत, त्यांच्या आठ खोल्या कंपनीत काम करणाऱ्यांना भाड्यानं दिलेल्या आहेत आणि सगळ्यांचा मिळून एकच मीटर. प्रत्येक खोलीत साधारण ६० युनिट, म्हणजे एकूण ४८०. मीटर एकच असल्यामुळे सगळा वापर वरच्या टप्प्यांत जातो आणि बिल येतं पावणेसात हजारांच्या आसपास. याच खोल्यांना वेगवेगळे मीटर असते, तर प्रत्येक खोली शंभराच्या आत राहिली असती. एका खोलीचं बिल ५६०, आठांचं मिळून साडेचार हजार. म्हणजे एकही पॅनल न बसवता महिन्याला सव्वादोन हजारांचा फरक. म्हणून खोल्यांवाल्या तायांना आम्ही सांगतो, आधी मीटरचं बघा, मग छपराचं.

पैसे किती लागतात, मिळतात किती

केंद्र सरकारची 'प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशभरात एक कोटी घरांचं उद्दिष्ट आहे आणि मुदत २०२६-२७ पर्यंत. एका किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान, दोन किलोवॅटला ६०,०००, तीन आणि त्याच्या पुढे कितीही घेतलं तरी ७८,०००. त्यामुळे "मोठं घ्या, जास्त अनुदान मिळेल" असं कुणी सांगितलं तर ते तीन किलोवॅटच्या पुढे खरं नाही. शिवाय गरजेपेक्षा मोठं घेऊन उरलेली वीज विकू, असंही मनात आणू नका. जास्तीचे युनिट पुढच्या बिलात जमा होतात, पण आर्थिक वर्ष संपताना जे उरतात त्यांना फार थोडा भाव मिळतो.

मोशीच्या घराला दोन किलोवॅट साधारण १,२०,००० ला पडलं असं धरू. अनुदान ६०,०००. स्वतःचे गेले ६०,०००. वर्षाला २८,००० वाचतात, म्हणजे दोन-सव्वादोन वर्षांत पैसे वसूल. पॅनल साधारण २५ वर्षं चालतात. मधे इन्व्हर्टर एकदा-दोनदा बदलावा लागेल, तो खर्च बाजूला ठेवला तरी हे घर फायद्यात आहे.

चाकणच्या छोट्या घराचं काय? एक किलोवॅट ५०,००० ला मिळालं तर अनुदान जाऊन २०,००० घालावे लागतील आणि साडेतीन वर्षांत वसूल होतील. पण छोट्या कामाला किलोवॅटमागे भाव जास्त लागतो, आणि मग हीच वसुली पाच-सहा वर्षांवर जाते. अशा घरांसाठी राज्य सरकारनं २०२५ मध्ये 'स्मार्ट' योजना आणली. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असलेल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० वर राज्याची भर मिळते. दारिद्र्यरेषेखालच्या घरांना १७,५००, अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना १५,००० आणि बाकीच्यांना १०,०००. पन्नास हजारांचा संच धरला तर दारिद्र्यरेषेखालच्या घराला स्वतःचे फक्त २,५०० लागतात. बिलातून ते पाच-सहा महिन्यांत सुटतात. अर्ज येतील त्या क्रमानं लाभ मिळतो, म्हणून "आमचं बिलच सहाशे येतं" म्हणणाऱ्या ताईंनी सगळ्यात आधी चौकशी करावी. महावितरणच्या आपल्या शाखा कार्यालयात जा किंवा १९१२ वर फोन करा.

राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी पुढे आली. पाटण तालुक्यातलं शंभरेक घरांचं छोटं गाव. सगळ्या गावानं एकत्र मनावर घेतलं, की कागदपत्रं, चौकशी, भावताव सगळं सोपं होतं, हे तिथून शिकण्यासारखं आहे. गटानं एकत्र जाऊन दर मागितला, तर एकटीपेक्षा दहा जणींना नक्कीच बरा दर मिळतो.

पैसे उभे कुठून करायचे

इथं आम्हाला जरा कडक बोलायचंय. अनुदान नंतर येतं. पॅनल बसले, नेट मीटर लागला, महावितरणनं तपासणी केली, की मग ते आपल्या बँक खात्यात जमा होतं. तोपर्यंत सगळे पैसे आपल्याला उभे करावे लागतात. आणि आपण काय करतो? हाताशी असेल ते कर्ज उचलतो.

हिशेब करा. गटातून शेकडा दोननं १,२०,००० उचलले, तर महिन्याचं व्याज २,४००. मोशीच्या घराची बिलातली बचत २,३००. म्हणजे बिल वाचलं आणि व्याजात गेलं, वर शंभर रुपये घरचे. दारावर येणाऱ्या मायक्रो फायनान्सचं कर्जही चोवीस टक्क्यांच्या आसपासच जातं. सोलर सूर्यावर चालतं, पण आपलं घर हप्त्यावर चालतं, हे विसरायचं नाही.

याच योजनेत राष्ट्रीयीकृत बँका तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला तारण न घेता साधारण सहा-सात टक्क्यांनी कर्ज देतात. ६०,००० तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता १,८५० च्या आसपास बसतो. बचत त्याच्यापेक्षा जास्त आहे, म्हणून हे कर्ज परवडतं. आपला साधा नियम असा ठेवू. हप्ता बिलातल्या बचतीपेक्षा कमी असेल तर घ्या, जास्त असेल तर थांबा.

कागद कुणाच्या नावावर

बऱ्याच घरांत गाडी इथंच अडते. वीजजोडणी सासऱ्यांच्या नावावर, सासरे वारलेले, तीन भावांचं एक घर, वाटणी तोंडी. अर्जावरचं नाव, वीजबिलावरचं नाव आणि बँक खात्याचं नाव जुळलं नाही, तर अनुदान अडकतं. म्हणून आधी वीजजोडणीचं नाव बदलून घ्या. आणि नाव बदलायचंच आहे, तर ते तुमचं का असू नये? घर दोघांच्या नावावर करण्याचा शासनाचा निर्णय जुना आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नवऱ्याबरोबर तुमचं नाव लागू शकतं. आमच्या एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "हप्ता मी भरणार, पॅनल मी धुणार, आणि अनुदान यांच्या खात्यावर." सगळ्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी ग्रामपंचायतीत जाऊन आल्या.

सोसायटीत राहणाऱ्या तायांना स्वतःचं छप्पर नसतं. पण लिफ्ट, जिना आणि पाण्याची मोटार यांच्या सामायिक बिलासाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं. वार्षिक सभेत हा विषय मांडा, देखभालीचा खर्च कमी होतो.

फसायचं नाही

आमच्या ओळखीच्या एका ताईंकडे एकजण आला, "आज नोंदणी केली नाही तर योजना बंद" म्हणाला आणि ५,००० घेऊन गेला. परत आला नाही. म्हणून तीन गोष्टी सांगतो. अर्ज योजनेच्या सरकारी संकेतस्थळावरच भरायचा, त्यासाठी कुठल्याही दलालाला पैसे द्यायचे नाहीत. बसवणारा त्या यादीतला नोंदणीकृत आहे का, ते बघायचं. आणि दर, पॅनलची हमी, पाच वर्षांची देखभाल, सांगाडा कशाचा, अर्थिंग आणि वीजरोधक धरून किती, हे सगळं कागदावर लिहून घ्यायचं. तीन ठिकाणचे दर घ्या. सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, जुना दर लावलेला नाही ना, तेही विचारा.

घर पत्र्याचं असेल तर आधी खालचे अँगल तपासून घ्या. वळवाच्या वाऱ्यात पत्र्यासकट पॅनल उडाला तर शेजारच्याच्या डोक्यावर जाईल. आणि धुण्याचं विसरू नका. चाकण-तळेगाव किंवा चाकण-शिक्रापूर रस्त्याकडेला पंधरा दिवसांत पॅनलवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते. सकाळी ऊन चढायच्या आत साध्या पाण्यानं, मऊ फडक्यानं पुसायचं. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही.

खोलीत राहणाऱ्या ताईंसाठी

आता त्या कोपऱ्यात बसलेल्या ताईंकडे येऊ. तुम्हाला पॅनल नाही, पण करण्यासारखं पुष्कळ आहे. वीज कायदा २००३ प्रमाणे घरात राहणाऱ्यालाही वीजजोडणी मागता येते. मालकाची संमती आणि भाडेकरार असेल, तर स्वतंत्र मीटरसाठी अर्ज करा. मालक युनिटला बारा रुपये घेत असेल, तर ६० युनिटांचे ७२० होतात. स्वतःच्या मीटरवर तेच ५६० पडतात. दुसरं म्हणजे पंखा. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात.

आणि मालकीण ताईंना एक विनंती. तुमचं बिल मीटर वेगळे करून किंवा सोलर बसवून कमी झालं, तर खोल्यांचा युनिटचा दरही थोडा खाली आणा. तुमच्या गटाच्या वहीत तुमच्या नावाखाली दोन ओळी सोडून तिचंही नाव आहे.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं आपलं लाइटबिल आणायचं. सरासरी वापर, बिलावरचं नाव आणि छप्पर कुणाचं, या तीन गोष्टी आपण एकत्र बसून लिहू. त्यातून कुणी आज अर्ज करायचा, कुणी आधी नाव बदलायचं आणि कुणी फक्त पंखा बदलायचा, ते आपलं आपल्यालाच कळेल. कॅल्क्युलेटर आम्ही आणतो.